विश्वरूप आणि श्वान

नॉर्वेतील ट्रॉम्सोसारख्या उत्तरध्रुववृत्तापलीकडील गावी हिवाळ्यात जावे, कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाडीतून बर्फाच्या माळावर दूरवर मजल मारावी आणि काळोखात आकाशभर लहरणारा हिरवा प्रकाश पाहावा, ही हौस आता मराठी कुटुंबांच्याही आवाक्यात आली आहे. आणि ज्याच्या जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशास, एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणली, त्या नगरच्या माणसास तो प्रकाश पाहताना अकराव्या अध्यायातील विश्वरूप आठवावे, हे स्वाभाविकच होय. प्रश्न एवढाच की, त्या संध्याकाळी धर्मदृष्ट्या पाहण्यासारखे जे काही असते, ते सारे आकाशातच असते काय?

उत्तरेची ओढ आपल्याकडे जुनी आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, उषःसूक्तांत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या ध्रुवीय पहाटेचेच वर्णन आहे, असे त्या प्रदेशात पाऊलही न ठेवता प्रतिपादिले. विद्वानांनी तो सिद्धान्त स्वीकारला नाही, तरी त्यातील तर्काची शिस्त अद्याप वाचनीय आहे. आकाशातल्या त्या हिरव्या प्रकाशाची कारणमीमांसा मात्र वादातीत आहे. सूर्याकडून येणारे विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अमलाखाली ध्रुवांकडे वळतात आणि शंभर किलोमीटरांहून अधिक उंचीवरील प्राणवायूच्या अणूंवर आदळतात, एवढाच तो प्रकार. आणि हे समजल्याने आश्चर्य कमी होते असे मला वाटत नाही. परंतु तो प्रकाश पाहणाऱ्याकडून काहीच मागत नाही. अर्जुनही अखेर भेदरला, आणि नेहमीच्या ओळखीच्या रूपात यावे अशी विनवणी करून मोकळा झाला.

कुत्र्यांचे तसे नाही. अंगावर पट्टे चढविले जात असता ती अशा काही आकांताने भुंकतात, उड्या घेतात आणि खुंट्याच्या दोराला हिसके देतात की, नवख्यास त्यांचा छळच चालला आहे असे वाटावे. पण दोर सुटून गाडी हलली की सारा कोलाहल एकदम थांबतो, आणि मग पंजांची टपटप व बर्फावरची घसर एवढीच ऐकू येते. धावता धावता ती मान वाकडी करून बाजूचा बर्फ गटकन तोंडात घेतात. पंजे फाटू नयेत म्हणून त्यांना पुष्कळदा कापडी मोजे घालावे लागतात. ओढणे हाच ज्याचा आनंद, अशा प्राण्याची नुसती कीव करणे मला अपुरे वाटते.

गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचे लक्षण सांगताना विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याच पंक्तीस कुत्रा बसविला आहे. महाप्रस्थानात युधिष्ठिर उत्तरेस निघाला तेव्हा सोबत कुत्रा होता, आणि त्याला टाकून स्वर्गात जाणे त्याने नाकारले. तो कुत्रा अखेर धर्म ठरला, ही कथेची तडजोड मला थोडी खटकते, कारण युधिष्ठिराने हट्ट धरला तो निव्वळ कुत्र्यासाठी. शिर्डीची हकीकत अधिक सरळ आहे: लक्ष्मीबाई शिंदे यांनी करून आणलेली भाकरी-भाजी साईबाबांनी कुत्र्यापुढे ठेवली आणि भूक सर्वांची सारखीच, असा खुलासा केला, अशी नोंद साईसच्चरितात आहे. तेथे कुत्रा कुणी देव निघत नाही.

विश्वरूप दाखविणे हे दाखविणाऱ्याच्या मर्जीवर आहे. समदर्शन पाहणाऱ्याच्या माथी आहे, म्हणून माझ्या मते त्या संध्याकाळचा धर्म गाडीला जुंपलेला असतो. याचा उलटा दाखला दुसऱ्या ध्रुवाचा आहे. १९११ मध्ये आमुंडसेन चार सोबती आणि ५२ कुत्री घेऊन दक्षिणध्रुवाकडे निघाला. पाचही माणसे सुखरूप परतली, कुत्री ११ परतली. उरलेल्यांपैकी बहुतेक, निघण्यापूर्वीच केलेल्या तजविजीप्रमाणे, वाटेत मारून इतर कुत्र्यांना व माणसांना खाऊ घालण्यात आली होती.