धडा आणि पायरी

मज्जारज्जूला इजा झालेल्यांस व्यायामाचे धडे आज संगणकावरून घरबसल्या मिळतात. आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा स्नायुबळ वाढविणारा, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. पण धडा पोहोचला की आपले कर्तव्य संपते काय? इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली अशा रुग्णांसाठी विभाग उघडला. १९४८ साली तेथे १६ जखमी स्त्रीपुरुष चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. त्यांना उपदेशाबरोबर धनुष्य, मैदान आणि सोबतीही लाभले होते. ज्याच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि खुर्ची उतरवावयास कोणी नाही, त्यास आळशी ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्यांनी धडा दिला, त्यांनीच पायरीशी उतारही बांधून द्यावा.