झोपेचें देणें

मनुष्याच्या दोषांची यादी करावयास बसलें असतां आळसाचें नांव पहिल्या पांचांत यावें, याविषयीं आमच्या सर्व उपदेशकांचें एकमत दिसतें. समर्थांनीं दासबोधांत आळसावर जितके कोरडे ओढले आहेत तितके फार थोड्या दुर्गुणांच्या वांट्याला आले असतील. रामायणांतील कुंभकर्ण पराक्रमानें कोणाहून कमी नव्हता. इतकेंच नव्हे, तर रावणाची चूक त्याच्या तोंडावर सांगण्याचें धैर्यही त्याच्या अंगीं होतें. परंतु त्याच्या सहा महिन्यांच्या झोपेनें हें सारें पुसून टाकलें, आणि आज तो घरोघरीं उशिरा उठणाऱ्या मुलांना लावावयाचें एक विशेषण होऊन बसला आहे. मुलांना उठविण्यासाठीं जीं यमकें आपण जुळवितों त्यांचाही थाट हाच. त्यांत चिमण्या उठलेल्या असतात, गाई रानांत गेलेल्या असतात, सूर्यनारायण माथ्यावर आलेला असतो. अंथरुणांतला मुलगा तेवढा एकटाच सृष्टिनियमाबाहेर पडलेला असतो.

गंमत अशी कीं, ज्या मुखांतून हीं यमकें बाहेर पडतात त्याच मुखानें चार-पांच वर्षांपूर्वीं त्याच मुलासाठीं अंगाई म्हटलेली असते. अंगाईंत झोप म्हणजे मोठ्या मानाची पाहुणी! तिला बोलावणीं पाठवावयाचीं, तिच्यासाठीं वाऱ्याला आणि पांखरांना गप्प बसण्याची विनवणी करावयाची, आणि ती आली म्हणजे पाऊलही न वाजवितां बाजूला व्हावयाचें. पाळण्यांत जी झोप भाग्याची ती अंथरुणांत दोषाची कशी ठरली? वय वाढलें एवढेंच तिचें कारण असेल, तर म्हाताऱ्या माणसाची झोप कोणत्या खात्यांत धरावयाची? हा प्रश्न मला विनोद म्हणून सुचलेला नाहीं. माझ्या आयुष्यांतील एका अपराधाशीं तो जोडलेला आहे. आणि त्या अपराधाची गोष्ट सांगावयाची तर आरंभ जात्यापासून केला पाहिजे.

माझें बालपण देवणीस गेलें. आज हें गांव लातूर जिल्ह्यांत आहे. तो जिल्हा १९८२ सालीं निर्माण झाला. माझ्या लहानपणीं हा मुलूख हैदराबाद संस्थानाच्या अमलांतून नुकता, १९४८ सालीं, मोकळा झाला होता. कर्नाटकाच्या सीमेजवळचें हें गांव. आमचें घर माळवदाचें होतें आणि ओसरीच्या कोपऱ्यांत जातें रोंवलेलें होतें. कोंबडा आरवण्यापूर्वींच माय उठे, चिमणी लावी आणि दळावयास बसे. घरांत खाणारीं तोंडें नऊ. तेव्हां रोजच्या भाकरीचें पीठ रोजच पडलें पाहिजे. मी जागा झालों कीं चांचपडत तिच्यापाशीं जाई आणि तिच्या मांडीवर डोकें ठेवून पडे. उजव्या हातानें खुंटा फिरवावा, मधूनच डाव्या हातानें मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडांत वैरावी, आणि वरच्या तळीच्या घरघरीवर ओवीचा सूर धरावा, असा तिचा क्रम चाले. ओवीची ठेवणच अशी आहे कीं, ती जात्याच्या फेऱ्यांबरोबर वळते. चरण संपावा आणि हातानें पुढचा फेरा धरावा. त्या सुरांत मला झोप लागे.

पुष्कळ वर्षांनीं माझ्या लक्षांत आलें कीं, त्या गाण्याचीं कामें दोन होतीं. मला तें झोपवीत होतें आणि मायेला तें जागें ठेवीत होतें. एकाच सुरानें एकाच्या डोळ्यांवर झोप आणावयाची आणि दुसरीच्या डोळ्यांवरून ती हांकलावयाची! अंगाई आणि ओवी ह्या दोन निराळ्या जाती आहेत असें आपण पुस्तकांत वाचतों. माझ्या कानांना मात्र तीं दोन्ही एकच होतीं. भेद होता तो मांडीवर कोण आहे आणि खुंट्यावर कोणाचा हात आहे, एवढाच.

ह्या ओव्यांचें मोल आतां सुशिक्षितांनाही कळलें आहे. साने गुरुजींनीं त्या गोळा करून 'स्त्रीजीवन' ह्या नांवानें प्रसिद्ध केल्या. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्या पुण्याच्या अभ्यासकांनीं गांवोगांवच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या वाचतांना आपण थक्क होतों. माहेरची ओढ, भावाची वाट, सासरचा सल, विठ्ठलाची भक्ति, सारें कांहीं त्यांत आहे. आणि ज्यांनीं तें रचलें त्यांतील बहुतेकींनीं कधीं पाटी हातांत धरलेली नव्हती. परंतु, वाचकहो, ह्या लाख ओव्यांकडे एकदां दुसऱ्या बाजूनेंही पाहावें. त्या म्हणावयाच्या वेळीं घरांतील बाकीचीं माणसें निजलेलीं असत. तेव्हां हा संग्रह जसा काव्याचा आहे तसाच तो एका मोठ्या थकलेल्या देण्याचाही आहे. काव्य आपण वाचलें. देणें कोणी फेडलें?

विश्रांतीचें मोल आमच्या गांवाला ठाऊक नव्हतें असें मात्र नाहीं. देवणीचें नांव ज्या गोवंशामुळें दूरवर गेलें, त्याचे बैल आमच्याही दावणीला होते. ह्या जनावरांचे रंगावरून वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार मानतात. आमची जोडी शेवरा होती, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. वडील दुपारीं औत सोडीत, बैलांना सावलींत बांधीत, आणि ते बसून रवंथ करूं लागले म्हणजे आम्हां मुलांना तिकडे फिरकूं देत नसत. "बसूं द्या त्यांला," एवढेंच ते म्हणत. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-तुपानें चोळले जात, आणि पोळ्याच्या दिवशीं त्यांच्या मानेवर जूं ठेवणें हें पाप मानलें जाई. बसलेल्या बैलाला आळशी म्हणणारा शेतकरी मीं पाहिलेला नाहीं. बैलाला बाजारांत किंमत असते, आणि न निजलेला बैल उद्यां औत ओढणार नाहीं, हा हिशेब सर्वांना कळतो. मायेच्या खांद्यांना हळद लावावयाचा सण मात्र पंचांगांत नव्हता. माझे वडील दुष्ट नव्हते. त्यांना तो हिशेब कोणी शिकविलाच नव्हता. आणि मलाही नाहीं.

आतां माझा अपराध. गांवांत पिठाची गिरणी आली, जातें उभें करून भिंतीशीं टेकविलें गेलें, आणि माय म्हातारी झाली. मी शिकून बाहेरगांवीं शिक्षक झालों होतों. उद्योगाचा महिमा सांगणारीं पुस्तकें नुकतींच वाचलेलीं होतीं, त्यामुळें उपदेशाची खुमखुमी अंगांत होती. एका उन्हाळ्याच्या सुट्टींत मी घरीं आलों असतां माय ओसरीवर, त्याच जात्याच्या कोपऱ्यांत, पदर डोक्याखालीं घेऊन निजलेली दिसली. मीं तिला हलवून उठविलें आणि म्हटलें, "माय, दिवसा निजणं बरं नव्हे. अंग जड होतं." ती गडबडून उठली. "उठते बाबा, जरा डोळा लागला," एवढेंच म्हणाली आणि सूप घेऊन तूर निवडावयास बसली. त्यानंतर ती दिवसा निजलेली मला कधींच दिसली नाहीं. ती सुधारली असें मला वाटलें! ती गेल्यानंतर माझ्या भावजयीनें सहज सांगितलें कीं, मी घरीं असलों म्हणजे माझ्या चपलांचा आवाज ऐकतांच माय उठून बसे आणि सूप पुढें ओढी.

जिच्या जागरणावर मी झोपलों तिच्या झोपेवर मीं पहारा बसविला. ह्याहून अधिक कृतघ्नपणा मला करतां आला नसता. आणि तो मीं सद्गुण समजून केला, हें त्यांतलें विशेष.

तेव्हांपासून आळस म्हणजे काय ह्याचा मी विचार करीत आलों आहें. घड्याळाकडे पाहून तो ठरत नाहीं, एवढें निश्चित. भगवंत स्वतः आषाढी एकादशीला निजतो तो कार्तिकींत उठतो, आणि आपण त्याच्या निद्रेचाही उत्सव करतों. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अति निजणाऱ्याला योग साधत नाहीं असें सांगितलें आहे, पण त्याच श्लोकांत अति जागणाऱ्यालाही तो साधत नाहीं असें म्हटलें आहे. ह्या दुसऱ्या अर्ध्याची आठवण आमचे उपदेशक क्वचितच देतात. आधुनिक शास्त्रही ह्याच बाजूचें आहे. शरीरांतील दिवसरात्रीचें घड्याळ कसें चालतें हें उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या घड्याळाशीं सतत भांडणाऱ्या देहाला तें भांडण महागांत पडतें. झोप ही चैन नसून देहाचा हक्काचा घास आहे.

मग आळस कोणता? मला सुचलेली कसोटी अशी: माझ्या विश्रांतीचें ओझें कोण वाहतो? मी निजलों असतां माझ्या वांट्याचें काम दुसरा कोणी आपली झोप मोडून करीत असेल, तर ती माझी झोप नव्हे, त्याची आहे. आणि दुसऱ्याची झोप निजणें ह्याचेंच नांव आळस. ह्या कसोटीला लावलें तर सूर्योदयापूर्वीं उठून, स्नानसंध्या आटोपून, गरम भाकरीची वाट पाहत बसलेला उद्योगी पुरुषही आळशी ठरूं शकतो, आणि दुपारीं ओसरीवर निजलेली म्हातारी निर्दोष ठरते. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीनें मुंबईच्या गिरणीकामगारांना १८९० सालीं रविवारची सुट्टी मिळाली. विश्रांति ही दान नसून हक्क आहे, हें त्या दिवशीं महाराष्ट्रांत मान्य झालें. पण गिरणीचा भोंगा रविवारीं थांबला तरी घरांतलें जातें थांबलें नाहीं. रविवारच्या भाकऱ्यांचें पीठ तर रविवारच्याच पहाटे दळावयाचें होतें!

येथें कोणी रसिक म्हणेल कीं, त्या बायकांना पोटभर झोप मिळाली असती तर ह्या ओव्या झाल्याच नसत्या. हा आक्षेप मला पुष्कळ दिवस छळीत होता. आतां मला त्याचें उत्तर सांपडल्यासारखें वाटतें. ओवी जागरणांतून जन्मली नाहीं. पहाटेचा तो एकच प्रहर असा होता कीं, ज्यांत तिला कोणी हांक मारीत नव्हतें, कोणी काम सांगत नव्हतें, तिच्या बोलण्याला कोणी अडवीत नव्हतें. हात बांधलेले होते, पण मन रिकामें होतें. आणि त्या रिकाम्या मनानें गाणें रचलें. काव्याला रिकामपण लागतें. तिला तें दिवसांत कोठेंच मिळालें नाहीं, म्हणून झोपेचा बळी देऊन मिळालेल्या त्या प्रहरांतच तें तिनें शोधलें. दिवसाचे दोन तास तिचे असते तर तिनें गाणींही रचलीं असतीं आणि ती निजलीही असती. आणि समजा, खरोखरच ओवी आणि झोप ह्यांतलें एकच तिला मिळणार असतें, तर? तर मी ओव्यांचीं पुस्तकें परत करीन. पण निवड माझी नव्हती, तिची होती. आणि ती तिला कोणी विचारली नाहीं.

आमच्या देवणीच्या घरीं तें जातें अजून आहे. आतां घरांत धाकट्या मुलाचें कुटुंब राहतें. सूनबाई नोकरी करतात. घरांत गॅस आहे, वीज आहे, पीठ गिरणींतून येतें, आणि तरीही सर्वांच्या आधीं उठणारें आणि सर्वांच्या मागून निजणारें माणूस घरांत एकच आहे, हें मीं गेल्या दिवाळींत मोजून पाहिलें. एका रविवारीं दुपारीं मी बाहेरून आलों तों त्या त्याच ओसरीवर, हातांतलें वर्तमानपत्र तसेंच राहून, निजलेल्या होत्या. माझ्या पायांत चपला होत्या. त्या मीं उंबऱ्याबाहेर हळूच काढल्या, नातीला खुणेनें गप्प केलें, आणि चहा करावयास स्वयंपाकघरांत गेलों. चहा चांगला झाला नाहीं. पण सूनबाई पांच वाजेपर्यंत निजल्या.