डोंगराखाली वाट पाहणारे मूल

(शास्त्रवाचन : मार्क 9:2-29)



मे महिन्याची सुट्टी लागली की अनेक कुटुंबे दक्षिणेच्या प्रवासास निघतात. कावेरीकाठच्या कुंभकोणमला मुक्काम, तेथून सुमारे 40 किलोमीटरवरील तंजावरचा राजवाडा व शिवगंगा बाग, आणि शेवटी कोडाईकनालची थंड हवा, असा बेत ठरतो. यात वावगे काहीच नाही. दमलेल्या शिष्यांना प्रभूनेच विसाव्यासाठी एकांती बोलाविले होते (मार्क 6:31). प्रश्न एवढाच, की त्या विसाव्यातून आपण काय घेऊन परततो?

तंजावर आपल्याला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यापासून 1855 पर्यंत तेथे मराठी राजघराणे नांदले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास मुलांना अवश्य दाखवा. परंतु शिवगंगा बागेजवळचे, 1779 साली बांधलेले चर्चही दाखवा. तेथे संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवर वृद्ध मिशनरी ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ पहुडले आहेत आणि सरफोजीने त्यांचा हात हाती घेतला आहे. हे स्मारक खुद्द सरफोजीराजांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले.

एवढे ऋण कशाचे? 1787 साली तुळजाजीराजे मरणास टेकले तेव्हा त्यांनी आपला दहा वर्षांचा दत्तक मुलगा श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविला. पुढे चुलते अमरसिंह गादीवर बसले आणि पोराची आबाळ सुरू झाली. त्याला कोंडून ठेवण्यात आले, शिक्षण थांबले. श्वार्ट्झ यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. तरी या परक्या मुलासाठी त्यांनी कंपनी सरकारकडे वारंवार दाद मागितली, आणि अखेर 1793 मध्ये त्याला मद्रासला सुरक्षित नेण्यात आले. 1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ प्रभूघरी गेले. त्याच वर्षी सरफोजी राजा झाले.

सरफोजीराजांनी बाप्तिस्मा घेतला नाही. मग श्वार्ट्झ यांचे श्रम वाया गेले काय? आपल्या मंडळीत हा प्रश्न हळू आवाजात का होईना, विचारला जातो. त्याचे उत्तर प्रभूच्या चांगल्या शोमरोन्यापाशी आहे. जखमी मनुष्य बरा झाल्यावर कोणता धर्म पाळील, हे त्याने विचारले नाही. श्वार्ट्झ यांनी साक्ष देणे कधी सोडले नाही. पण प्रीतीला त्यांनी अटही घातली नाही. पेरणे आपले, वाढविणे देवाचे. ज्या प्रीतीच्या मोबदल्याचा हिशोब ठेवावा लागतो, ती प्रीती नव्हे, व्यापार होय.

आता डोंगराकडे वळू. मदुराईच्या मैदानातील उष्मा व रोगराई यांनी खचलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1845 मध्ये कोडाईकनाल येथे घरे बांधली. ते वर गेले ते पुन्हा खाली कामाला जाण्यासाठी. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला मात्र तीन मंडप बांधून तेथेच राहावेसे वाटले. प्रभू त्याला खाली घेऊन आला. पायथ्याशी काय होते? एक व्याकूळ बाप, आणि लहानपणापासून पीडलेला त्याचा मुलगा. वरचे तेज खालच्या त्या लेकरासाठी होते.

वाचकहो, आपल्याही डोंगराखाली कोणी मूल वाट पाहत आहे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे, मंडळीतल्या विधवा भगिनीचे, वा आईबाप गेलेले भावकीतले ते असेल. सुट्टीच्या खर्चाचा अंदाज मांडाल तेव्हा गाडीभाडे व मुक्काम यांच्याखालीच त्या एका मुलाच्या वर्षाच्या फीचा आकडाही लिहा. तो मांडताना आपली मुले जवळ बसलेली असू द्या. प्रवासाची छायाचित्रे कपाटात राहतील; आईबापांनी परक्या लेकराचा हात धरलेला त्यांनी पाहिला, तर ते त्यांच्या आयुष्यभर राहील.

हे स्वर्गीय पित्या, तू दिलेल्या विसाव्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. आम्हांला डोंगरावर ने आणि तुझ्याबरोबर खाली उतरण्याचे बळही दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.