संयोजकाचे कर्तेपण

रोलां बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती कर्तेपण आधीच लाभलेल्या लेखकाविषयी होती. ज्याला ते कधी लाभलेच नाही, त्याच्याविषयी ही भूमिका काय सांगते, असा प्रश्न वाद्यवृंद-संयोजकाच्या संदर्भात उपस्थित होतो.

‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ही रचना जेली रोल मॉर्टन यांची, तिचे संयोजन फ्लेचर हेंडरसन यांचे आणि १९३५ मधील गाजलेले ध्वनिमुद्रण बेनी गुडमन यांचे. सॅक्सोफोनच्या गटाने विचारावे, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनने उत्तर द्यावे आणि राखलेल्या अवकाशात एकट्या वादकाने उत्स्फूर्त विस्तार करावा, ही स्विंगची घडण डॉन रेडमन आणि हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सिद्ध केली. गुडमन यांनी हेंडरसन यांचे ऋण मान्य केले. तरीही ‘स्विंगचा राजा’ ही उपाधी गुडमन यांनाच मिळाली.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे स्थान प्रामुख्याने गोमंतकीय संयोजकांच्या वाट्याला आले. फाळणीपूर्वी लाहोरमध्ये वाद्यवृंद चालविणाऱ्या सेबॅस्टियन डिसोझा (१९०६-१९९८) यांनी पुढे शंकर-जयकिशन यांच्यासाठी सुमारे दोन दशके संयोजन केले. श्रेयनामावलीत त्यांची ओळख ‘साहाय्यक’ अशी राहिली. हा शब्द पद सांगतो, निर्मितीविषयी मौन पाळतो. प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’मधील (१९७७) विनोदी गीतामुळे सर्वतोमुखी झाले, त्यांचे कार्य अज्ञातच राहिले.

चालच नसेल तर संयोजन कशाचे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु क्रमाने आधी येणे म्हणजे मूल्याने श्रेष्ठ असणे नव्हे. शाहू महाराजांच्या दरबारातील अल्लादियाखाँसाहेबांची गायकी कोल्हापूरच्या रसिकांनी ऐकली, ती बढतीसाठी. बंदिशीचा कर्ता ठाऊक नसला तरी बढतीवरून घराणे ओळखता येते. म्हणजे विस्तार हीही निर्मिती होय, हे आपल्या परंपरेला मान्यच आहे. मात्र गवई श्रोत्यांसमोर बसतो. संयोजकाचा विचार कागदावर उतरतो, इतरांच्या हातून वाजतो आणि ध्वनिमुद्रणानंतर तो कागदही बहुधा उरत नाही. त्याची उपेक्षा कलामूल्यातून उद्भवलेली नाही. ती अदृश्यतेतून आणि व्यवसायातील श्रेणींतून आलेली आहे.

म्हणून कर्तेपणाची संकल्पना विसर्जित करण्यापूर्वी तिचे न्याय्य वाटप होणे आवश्यक ठरते. नाव असलेल्याने नावाचा त्याग करणे आणि अनामिकाला अनामिकच ठेवणे, या दोन कृतींचे नैतिक मूल्य एक नाही. गीताची समीक्षा करणाऱ्याने कवी, संगीतकार आणि गायक यांच्याबरोबर संयोजकाचाही शोध घेणे, हे या न्यायाचे पहिले पाऊल होय.