पारदर्शक गणपती आणि अभावाचा प्रश्न

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या कारखान्यांत घडलेल्या गणेशमूर्तींची छायाचित्रे संकेतस्थळावर चढवताना मागची भिंत, फळी, शेजारच्या मूर्ती बहुधा कापून टाकतात. उरते ती मोकळी जागा. शोधनिकालात मात्र तोच गणपती कधी पांढऱ्यावर दिसतो, कधी काळ्याकुट्ट चौकोनात. हा काळा रंग कोणी दिलेला नसतो.

तो येतो चित्राच्या नोंदीतून. 1996 साली प्रमाणित झालेल्या पीएनजी प्रकारात लाल, हिरवा, निळा या तीन अंकांसोबत प्रत्येक बिंदूला अल्फा हा चौथा अंक देता येतो. नेहमीच्या आठ-बिटी चित्रात 0 म्हणजे पूर्ण पारदर्शक, 255 म्हणजे पूर्ण अपारदर्शक. पारदर्शक बिंदूलाही रंगाचे अंक असतातच. पुष्कळदा ते तिन्ही शून्य, म्हणजे काळा. अल्फा तो झाकून ठेवतो. जेपीईजीत अल्फाला जागाच नाही. शोधनिकालासाठी लघुचित्र जेपीईजीत बनवताना मागे पांढरा भरला तर प्रश्न मिटतो. अल्फा नुसता गाळला तर झाकलेला काळा वर येतो. अल्फा टिकलाच, तर पानाचा रंग आरपार दिसतो, आणि रात्रीसाठीच्या गडद मांडणीत तो काळपटच असतो.

‘नसणे’ ही स्वतंत्र वस्तू आहे का, हा वाद भारतीय दर्शनांत जुना आहे. उत्तरकालीन न्याय-वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानले. जमिनीवर घट नाही, हे त्यांच्या मते प्रत्यक्षानेच कळते; भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले. मीमांसकांमधल्याच प्राभाकरांना हा पसारा मान्य नव्हता: रिकामी जमीन दिसते, एवढेच. पीएनजी उघडच नैयायिकांच्या बाजूचा, कारण त्यात नसण्याचीही नोंद होते. जेपीईजीला प्राभाकर म्हणावेसे वाटेल, पण तो त्यांच्यावर अन्याय ठरेल. रिकाम्या जमिनीवर काळी सतरंजी अंथरलेली आहे, असे ते कधी म्हणाले नाहीत.

याहून गमतीचा घोटाळा राखाडी-पांढऱ्या चौकड्यांचा. चित्रसंपादनात त्या पारदर्शकतेची खूण असतात. काही चित्रांत मात्र त्या खरोखर रंगवलेल्याच निघतात. तिथे अभावाची खूणच वस्तू होऊन बसते.

काळ्या चौकोनातला गणपती अशुभ म्हणावा का? कारखान्यातली मूर्तीसुद्धा चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत पूजेची नसते. विक्रीचे चित्र तर त्याच्याही आधीच्या टप्प्यावरचे. शुभाशुभाचा प्रश्न इथे लागूच पडत नाही. एकाग्रतेचा पडतो. रोह्यात जन्मलेले, स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले (1920–2003) मूर्तिपूजेकडे चित्त एकाग्र करण्याचे साधन म्हणून पाहत. त्या कसोटीवर, मूर्तीआधी नजर खेचून घेणारा चौकोन हा दोषच. काळसर उंदीर त्यात बुडाला तर मूर्तीही अपुरी दिसते. उपाय मूर्तीविक्रेत्याच्या हाती आहे: शोधासाठी द्यायच्या प्रतीत मागचा रंग त्याने स्वतःच भरावा.