कांद्याचा वरचा पापुद्रा

आज पोह्यांसाठी कांदा सोलताना सालीबरोबर वरचा लालसर, रसदार पापुद्राही निघून आला आणि हात थांबला. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतल्या द्रव्यांचं एक कुळ) या बाहेरच्या थरांतच जास्त असतं. आत जावं तसं ते कमी होतं. जांभळाचा, कोकमाचा रंगही याच कुळातला. 1936 साली सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने लिंबातल्या अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं. ते नाव टिकलं नाही, पण अशी द्रव्यं असलेलं अन्न नेहमी खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. या द्रव्यांच्या गोळ्यांपेक्षा माझा भरवसा ताटावरच. तेव्हा कांदा सोलताना कोरडी सालच काढा आणि ही द्रव्यं उकडताना पाण्यात उतरतात, म्हणून भाजी उकडलेलं पाणी आमटीत घाला.