समाईक वस्तु आणि शेजारचा हक्क

गोदावरीच्या खोऱ्यांत गंगापूर या नांवाचीं दोन ठिकाणें आहेत. पहिलें नाशिकच्या वरच्या अंगास असलेलें गांव. त्याच्या नांवाचें धरण १९६५ सालीं पुरें झालें व नाशिक शहराची तहान मुख्यतः त्याच्यावर भागते. दुसरें छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आणि कायगांवापाशीं, जेथें पलीकडून प्रवरा येऊन मिळते, तेथपर्यंत पैठणच्या धरणाचा फुगवटा पोंचतो. गोदावरीस आपल्याकडे गंगाच म्हणण्याचा प्रघात आहे. तेव्हां दोन्ही ठिकाणांनीं एकाच नदीचें नांव लावलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु पाऊस ओढ देतो त्या वर्षीं नदीच्या वरच्या व खालच्या लोकांत तिच्या पाण्यावरून जो कलह माजतो, तो पाहिला म्हणजे नांवाच्या नात्यानें पाण्याची वांटणी सुटत नाहीं, हें कळून येतें.

या कलहाकडे आपण बहुधा पाटबंधाऱ्यांचा किंवा राजकारणाचा प्रश्न म्हणून पाहतों. त्याच्या मुळाशीं मात्र एक जुना नैतिक प्रश्न आहे. जी वस्तु कोणा एकाची नसून सर्वांची आहे, तिच्यावर तिच्या शेजारीं राहणाऱ्याचा हक्क दूरच्यापेक्षां अधिक मानावा काय? नाशिक-नगरकडचा शेतकरी म्हणतो कीं, पाऊस आमच्या डोंगरांवर पडला, धरणांसाठीं जमिनी आमच्या गेल्या, तेव्हां पाणी आधीं आमचें. मराठवाड्याचा शेतकरी म्हणतो कीं, नदी कोणी अडविली एवढ्यानें ती त्याची होत नाहीं. दोघांचेंहि बोलणें ऐकतां ऐकतां खरें वाटतें. आणि हेंच या प्रश्नाचें अवघडपण आहे.

ज्या भांडणांत आपला स्वार्थ गुंतलेला नाहीं, त्यांत न्याय अधिक स्वच्छ दिसतो. म्हणून क्षणभर अमेरिकेकडे वळूं. तेथें हाच प्रश्न शिकारीच्या निमित्तानें दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. त्या देशांत सुमारे चौसष्ट कोटी एकर, म्हणजे एकूण भूमीच्या चतुर्थांशाहून अधिक जमीन मध्यवर्ती सरकारच्या मालकीची आहे. तिचा मोठा भाग पश्चिमेकडील राज्यांत असून, नेवाडा राज्यांत तर पांचांतील चार हिस्से भूमि सरकारी आहे. जमीन साऱ्या राष्ट्राची. परंतु तिच्यावर हिंडणाऱ्या वन्य पशूंच्या शिकारीचें नियमन त्या त्या राज्याच्या हातीं. परवाने मोजकेच असल्यामुळें पुष्कळशीं राज्यें ते बहुतांशीं आपल्या रहिवाशांस देतात. परराज्यांतील माणसास थोडे, आणि तेहि कित्येक पट शुल्क घेऊन. ॲरिझोना राज्यानें कांहीं पशूंच्या शिकारींत बाहेरच्यांचा वांटा शेंकडा दहावर आणून ठेवला होता. त्यावर खटला झाला, आणि अखेर २००५ सालीं तेथील विधिमंडळानें असा भेद करण्याचा राज्यांचा अधिकार कायद्यानें मान्य केला. जमीन माझीहि आहे, तिच्या रक्षणासाठीं करहि मी भरतों, मग तिच्यावर मी परका कसा, हें बाहेरच्या शिकाऱ्याचें म्हणणें; आणि वर्षभर या पशूंचा उपद्रव सोसतों आम्हीं, तूं येणार आठ दिवस, हें रहिवाशाचें.

या वादावर तेथील सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल विचार करण्यासारखे आहेत. दक्षिण कॅरोलिना राज्यानें कोळंबी धरणाऱ्या नावेस रहिवाशाकडून २५ डॉलर व बाहेरच्याकडून २,५०० डॉलर शुल्क ठरविलें होतें. न्यायालयानें १९४८ सालीं तो भेद अवैध ठरविला. पुढें १९७८ सालीं माँटाना राज्याचें प्रकरण आलें. तेथें रहिवाशास एल्क या थोरल्या हरणाच्या शिकारीचा परवाना ९ डॉलरांस मिळे, आणि परराज्यांतील माणसास त्यासाठीं २२५ डॉलरांचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. हा भेद मात्र न्यायालयानें कायम ठेवला. वरवर पाहणारास ही विसंगति वाटेल. पण तींत एक तत्त्व आहे. कोळंबी धरणें हा पोटाचा धंदा होता, एल्कची शिकार ही हौस होती. ज्यावर मनुष्याची उपजीविका अवलंबून आहे, त्यांतून केवळ परका म्हणून त्याला दूर सारतां येत नाहीं. जें मौजेपुरतें आहे, त्यांत घरच्यास झुकतें माप देण्यास प्रत्यवाय नाहीं.

ही कसोटी घेऊन आपण गोदावरीकडे परत येऊं. येथें अडचण अशी कीं, पाणी हें कोळंबीहि आहे आणि एल्कहि आहे. हंड्यांत भरलें कीं तें जीवन, बाजरी-कापसाच्या शेतांत गेलें कीं तें पोटाची भाकर, आणि दुष्काळी वर्षीं ऊंसाच्या मळ्यांत मोकाट सोडलें कीं तें केवळ अधिक नफ्याचें साधन. म्हणून 'पाणी कोणाचें' या प्रश्नाच्या आधीं 'पाणी कशासाठीं' हा प्रश्न विचारला पाहिजे. वरच्या शहराची तहान खालच्या ऊंसासाठीं मारणें जितकें अन्यायाचें, तितकेंच खालच्या गांवाची तहान वरच्या ऊंसासाठीं मारणें अन्यायाचें. आणि ऊंस दोन्हीकडे उभा आहे, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे.

महाराष्ट्राच्या कायद्यानेंहि शेजाराचा हक्क शेवटचा मानलेला नाहीं. २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरण अधिनियमांत असें तत्त्व घातलें आहे कीं, टंचाईच्या वर्षीं खोऱ्यांतील धरणांच्या साठ्याचें प्रमाण ऑक्टोबरच्या अखेरीस शक्य तितकें सारखें असावें. म्हणजे तूट सर्वांनीं वांटून घ्यावी. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानें त्यास आंकड्यांचें रूप दिलें: १५ ऑक्टोबरच्या सुमारास, खरिपाचा वापर जमेस धरून, जायकवाडींत उपयुक्त साठा शेंकडा ६५ हून कमी असेल तर वरून पाणी सोडावें. २०१५ च्या दुष्काळांत १२.८४ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा हुकूम निघाला तेव्हां केवढा क्षोभ झाला, तो अनेकांस आठवत असेल. २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानेंहि समन्यायी वांटपाच्या या तत्त्वास दुजोरा दिला. वरच्या लोकांची एक तक्रार मात्र उडवून लावण्यासारखी नाहीं: कोरड्या पात्रांतून सोडलेलें पाणी वाटेंत पुष्कळ मुरतें व उडून जातें. परंतु ही तक्रार पाणी केव्हां व कसें सोडावें याविषयींची आहे. सोडूं नये, हा निष्कर्ष तींतून निघत नाहीं.

तर मग शेजारच्या मनुष्याचा हक्क मुळींच नाहीं काय? आहे, पण तो निकटपणाचा नसून सोसलेल्या भाराचा आहे. पैठणच्या धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें बसली व १९७६ सालीं इंदिरा गांधींच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. या समारंभांच्या मधल्या काळांत नदीकांठचीं गांवें उठलीं आणि काळी कसदार जमीन पाण्याखालीं गेली. पुढें १९८६ सालीं या जलाशयास पक्षी अभयारण्य करण्यांत आलें. हिवाळ्यांत दूरदेशाहून येणारीं बदकें व रोहित पक्षी पाहण्यास शहरांतील सुशिक्षित कुटुंबें येतात, आणि हा राष्ट्राचा ठेवा आहे असें म्हणतात. तें खरेंहि आहे. परंतु दूरच्या मालकानें मालकी तेवढी सांगावी आणि तिचा भार कांठावरच्या कोळ्यानें व शेतकऱ्यानें वाहावा, ही वांटणी न्यायाची नव्हे. सर्वांच्या वस्तूची किंमत सर्वांनींच दिली पाहिजे. आणि ती दिली जात नाहीं तोंपर्यंत शेजाऱ्याचें गाऱ्हाणें कूपमंडूकपणाचें म्हणून टाकून देण्याचा दूरच्यास अधिकार नाहीं.

दोघांच्या भांडणांत तिसराच धोका असतो, तोहि ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. २०२५ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील सरकारी जमिनींपैकीं कांहीं विकण्याची सूचना तेथील विधिमंडळापुढें आली, तेव्हां परवान्यांवरून एरवीं भांडणारे घरचे व बाहेरचे शिकारी एकत्र येऊन तिला विरोध करूं लागले, आणि ती सूचना मागें घ्यावी लागली. जमीनच खासगी झाली तर शेंकडा दहा कशाचे आणि नव्वद कशाचे? आपल्याकडे नदीच्या पात्रांतील वाळू उपसली जाते, पात्रांत सांडपाणी सोडलें जातें, तेव्हां वरचा व खालचा दोघेहि सारखेच नागवले जातात. पण त्यासाठीं ते एकत्र आल्याचें क्वचितच दिसतें.

राहतां राहिली शेवटची कसोटी, आणि ती आम्हां मराठवाड्याच्या लोकांस विशेष बोंचणारी आहे. गंगापूर खालचें खरें, पण नाशिकच्या. जालन्या-परभणीकडे जाणाऱ्या डाव्या कालव्याच्या शेपटास बसलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें, जलाशयाच्या फुगवट्यावर मोटार बसवून पाणी उचलणारा गंगापूरचा शेतकरी हा वरचाच होय. तीच गोदावरी पुढें नांदेड जिल्ह्यांत बाभळीस पोंचते. तेथें महाराष्ट्रानें बंधारा घातला, तेव्हां पोचंपाडच्या धरणाचें पाणी तुटेल म्हणून आंध्र प्रदेशानें दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं बंधारा राहूं दिला. पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे व १ मार्च रोजीं ०.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें, अशी अट घातली. जें वाक्य आपण नाशिकला उद्देशून बोलतों, तेंच तेलंगणाचा शेतकरी बाभळीच्या पुलावर उभा राहून आपणांस ऐकवूं शकतो. तेथें तें आपणांस कडू लागत असेल, तर नाशिकला सांगतांनाहि त्याचा कडूपणा ओळखून सांगावें; आणि तेथें तें न्याय्य वाटत असेल, तरच येथें तें उच्चारण्याचा आपणांस अधिकार आहे. नदीवर कायमचा वरचा किंवा कायमचा खालचा असा कोणी नाहीं. म्हणून खालच्या गंगापुरानें आपल्या हक्काचें पाणी अवश्य मागावें. पण कालव्याच्या शेपटाकडील आपल्या शेजाऱ्याचा वांटा मोजून ठेवून मग मागावें.